अपयश, भय आणि भरवसा : ख्रिस्ती मराठीतील एका अनुभवाचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे जे परीक्षण आजवर झाले आहे, त्यात दोन प्रकारची मते वारंवार आढळतात. एका मताप्रमाणे ईश्वरावर सर्व भार टाकणारी वृत्ती ही मूलतः दुर्बलाची वृत्ती होय. माणसाला अपयशाचे भय वाटते, त्या भयाला तोंड देण्याचे बळ त्याच्या अंगी नसते, म्हणून तो देवाचा आश्रय घेतो व आपल्या कर्तव्यातून सुटतो. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. ते असे की, जो श्रद्धेने चालतो त्याला अपयश येतच नाही. आले असे भासले तरी तो केवळ विलंब असतो. पहिले मत बुद्धिवादी टीकाकारांचे आहे, दुसरे उपदेशपर पुस्तिका लिहिणाऱ्यांचे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही मतांनी मूळ अनुभवाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. हा अनुभव ज्या मराठी शब्दांतून व्यक्त झाला ते शब्द, आणि ज्या व्यक्तींच्या जीवनात व लेखनात तो उतरला त्या व्यक्ती, यांच्या आधारे त्याची पुन्हा एकदा तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'अपयश' हा शब्द घेऊ. संस्कृतात 'यशस्' म्हणजे कीर्ती. 'सिद्धी' हा तेथे वेगळा शब्द आहे. मराठीत मात्र 'यश' या शब्दाने सिद्धीचेही काम आपल्याकडे घेतले. परीक्षेत यश, लढाईत यश, व्यापारात यश असे आपण सहज म्हणतो. परंतु अर्थ बदलला तरी जुना अर्थ निघून गेला नाही. तो तळाशी राहिला. 'अपयश' म्हणताना आपण 'हेतू साधला नाही' एवढेच म्हणत नाही. 'नावाला बट्टा लागला' असेही त्याच श्वासात म्हणत असतो. अपयशाशी संबंधित असलेले वाक्प्रचार पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तोंड दाखवायला जागा न उरणे, नाक कापले जाणे, तोंड काळे होणे, मान खाली घालावी लागणे, हे सारे चेहऱ्याचे वाक्प्रचार आहेत. काम फसले तर मराठी माणसाला पहिली चिंता कामाची वाटत नाही, तोंडाची वाटते. अपयशाचे 'खापर' कोणाच्या तरी माथी फुटावे लागते आणि अपयशाचा कोणीतरी 'धनी' व्हावा लागतो. यशाला मात्र 'वाटेकरी' पुष्कळ असतात.

यावरून एक अनुमान निघते. ज्याला आपण अपयशाचे भय म्हणतो ते बहुतांशी निकालाचे भय नसून निकाल पाहणाऱ्या डोळ्यांचे भय असते. एकांतात, कोणालाही न कळता, एखादे काम फसले तर त्याचे दुःख होते. भय वाटत नाही.

आता क्रियापदांकडे वळू. 'मला भीती वाटते' या वाक्यात भिणारा मनुष्य कर्त्याच्या जागी नाही. तो चतुर्थीत आहे. भीती त्याच्याकडे येते, त्याला गाठते. 'मी भितो' असेही मराठीत म्हणता येते हे खरे, परंतु त्याचा उपयोग बहुधा कोणाला वा कशाला भितो हे सांगण्याकडे होतो. अनिश्चित, पुढे काय होईल या स्वरूपाच्या भयासाठी आपण बहुतकरून 'वाटणे' हेच क्रियापद वापरतो. विश्वासाच्या बाबतीत मराठीने दोन मार्ग ठेवले आहेत. 'माझा विश्वास बसला' या वाक्यात विश्वास आपोआप घडलेला आहे. पुरावा पटला आणि मन स्थिर झाले. 'मी विश्वास ठेवला' या वाक्यात मनुष्य कर्ता आहे. त्याने काही केले आहे. म्हणूनच 'विश्वास ठेव' अशी आज्ञा करता येते. 'बसणे' या क्रियापदाने तशी आज्ञा होत नाही. भय वाटते, विश्वास ठेवावा लागतो. एक येऊन पडते, दुसरा हाताने ठेवायचा असतो. ईश्वरावरील भरवसा ही निष्क्रियता होय असे म्हणणाऱ्यांनी आपल्या भाषेतील हा भेद लक्षात घेणे इष्ट आहे.

ख्रिस्ती मराठीने श्रद्धेसाठी कोणते शब्द निवडले, हेही पाहण्यासारखे आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त 'भावार्थ' हा शब्द योजिला आणि गोव्यातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीत तो आजही जिवंत आहे. पुढे इंग्रजी व अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळात जे मराठी शास्त्र तयार झाले त्यात नव्या करारापुरता 'विश्वास' हा शब्द रूढ झाला, तर स्तोत्रे व नीतिसूत्रे यांत 'भाव ठेवणे' हा प्रयोग आला. 'भाव' हा वारकऱ्यांचा शब्द आहे. 'भाव तेथे देव' ही म्हण ज्या घरात बोलली जाते त्या घरात तो परका वाटत नाही. 'विश्वास' हा शब्द मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. 'वि' उपसर्गपूर्वक 'श्वस्' धातूचा मूळ अर्थ मोकळा श्वास घेणे, निःशंक होणे असा आहे. भयात श्वास कोंडतो हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तेव्हा भय आणि विश्वास यांचा विरोध हा केवळ धर्मोपदेशकांनी लावलेला नव्हे. तो शब्दाच्या मुळाशीच आहे. शब्दांची व्युत्पत्ती हा सिद्धान्ताचा पुरावा होत नाही याची जाणीव प्रस्तुत लेखकास आहे. परंतु एखादा समाज एखाद्या अनुभवाला कोणत्या बाजूने हात घालतो हे व्युत्पत्तीवरून पुष्कळदा दिसते.

नव्या करारात अपयशाच्या भयाचे सर्वांत सूक्ष्म चित्रण मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात आहे. धनी प्रवासाला जाताना तीन चाकरांच्या हाती द्रव्य सोपवितो. दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात. तिसरा जमीन खणून आपल्या वाट्याचे द्रव्य पुरून ठेवतो. त्याने चोरी केलेली नाही, उधळपट्टी केलेली नाही. जेवढे मिळाले तेवढे परत केले आहे. तरी त्याला दोष दिला जातो. या कथेवर प्रवचने पुष्कळ झाली आहेत, परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. तो चाकर आपल्या भयाचे कारण सांगतो आणि ते कारण बाजारातील तोट्याचे नाही. धनी कठोर आहे, पेरल्यावाचून कापणारा आहे, असे त्याने मनाशी ठरविले होते, आणि म्हणून तो भ्याला. म्हणजे त्याचे भय हे त्याच्या धन्याविषयीच्या कल्पनेतून निघाले. अपयशाच्या भयावरील ख्रिस्ती विचाराचे मर्म येथे आहे असे वाटते. माणूस कोणासमोर उभा आहे, त्याचा हिशेब पाहणारा कोण आहे, या प्रश्नाचे उत्तर बदलले की भयाचे स्वरूप बदलते.

येथे मराठीतील 'ठेव' या शब्दाची आठवण होते. 'ठेवणे' या क्रियापदापासूनच तो आला आहे. तिसऱ्या चाकरानेही द्रव्य 'ठेवले'च, पण मातीत. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ठेवीचीच प्रतिमा योजिली आहे. तेथे ठेव विश्वासपात्र अशा कोणाच्या तरी हाती आहे. पुरून ठेवणे आणि सोपवून ठेवणे, दोहोंत द्रव्य हातावेगळे होतेच. परंतु पहिल्यात मनुष्य भयाने मुठी आवळतो, दुसऱ्यात त्या उघडतो.

अध्यापनाच्या व्यवसायात हा तिसरा चाकर दरवर्षी भेटतो. उत्तर येत असूनही कोरी पाने सोडणारा विद्यार्थी, प्रबंधाची प्रकरणे लिहून पेटीत ठेवणारा संशोधक, हे त्याचेच अवतार होत. प्रस्तुत लेखकाचे स्वतःचे प्रबंधातील एक प्रकरण दोन वर्षे असेच पडून होते. ते अपुरे होते म्हणून नव्हे. ते वाचल्यावर वडीलधारे विद्वान काय म्हणतील या धास्तीने. तेव्हा हा विषय केवळ दुसऱ्यांच्या चरित्राचा आहे असे भासविण्याची इच्छा नाही.

आता व्यक्तींकडे वळू. श्रद्धेने भय जिंकले याचे दाखले देताना लेखक बहुधा यशस्वी झालेल्यांचीच नावे घेतात. ही पद्धत सदोष आहे. ज्याचे काम फळाला आले त्याच्या श्रद्धेची परीक्षा पुरी झाली असे म्हणता येत नाही. परीक्षा पाहावयाची तर ज्यांचे काम लौकिक दृष्टीने अपुरे राहिले, फसले किंवा बाजूला पडले अशांची पाहिली पाहिजे. मराठी ख्रिस्ती इतिहासात असे तीन दाखले ठळक आहेत.

पहिला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वीचे त्यांचे जीवन अस्थिरतेचे होते. गावे बदलली, नोकऱ्या सुटल्या, नागपूर व राजनांदगाव अशी भ्रमंती झाली. बाप्तिस्म्यानंतर मिशनच्या आश्रयाने त्यांना स्थैर्य लाभले, कवी म्हणून महाराष्ट्रभर मान मिळाला, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकत्व आले. हे सर्व हाती असता १९१७ साली त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. संस्था या दृष्टीने पाहता दरबाराला त्यांच्या पश्चात मूळ धरता आले नाही. हिशेब मांडणारा मनुष्य त्याला अपयश म्हणेल, आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु पन्नाशी उलटलेल्या, प्रकृती ढासळलेल्या माणसाने हातचे सोडून अनिश्चिताकडे जावे, यामागे कोणत्या प्रकारचे भयमुक्त मन लागते, या प्रश्नाचे उत्तर हिशेबात मिळत नाही.

दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध तोडला. 'अपयश' या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी ते अपयश होते. काम विस्कटले आणि नावही गेले. यानंतर त्या मागे सरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. कायम उत्पन्नाची हमी नसताना, प्रार्थनेवर भिस्त ठेवून त्यांनी ते चालविले. तथापि भाषाभ्यासकाला त्यांचे जे काम विशेष जवळचे वाटते ते वेगळेच आहे. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी एकटीने केले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळावे ही त्यामागील दृष्टी होती. त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात झाली. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले ते १९२४ मध्ये. मराठी मंडळ्यांनी उपासनेत ते स्वीकारले नाही. बायबल सोसायटीचीच आवृत्ती प्रचारात राहिली. भाषांतराच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. मुळाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे मराठी वाक्याला ओढ बसते, हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. येथे मुद्दा वेगळा आहे. ज्याचा स्वीकार होईल की नाही याची शाश्वती नाही, आणि जे पुरे झालेले पाहावयास आपण राहू याचीही खात्री नाही, अशा कामाला एक व्यक्ती आयुष्याची अखेरची वर्षे देते. कीर्तीचे सुख-दुःख दोन्ही भोगून झालेल्या स्त्रीलाच हे साधले असेल काय, असा प्रश्न मनात येतो. परंतु अपकीर्ती भोगलेले पुष्कळजण कडवट होऊन थांबतात. रमाबाई थांबल्या नाहीत, हा फरक समजावून सांगितला पाहिजे.

तिसरा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा, आणि साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे काव्य आरंभिले होते. दहाएक अध्याय झाल्यावर ते अपुरे राहिले. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, जिला नवऱ्याने घरी अक्षरे शिकविली, तिने प्रथितयश कवीचे काव्य पुढे न्यावे, यात भय वाटण्यासारखे सर्व काही होते. तुलना अटळ होती, आणि ती आपल्याला अनुकूल होणार नाही हे कळण्याइतकी जाण लक्ष्मीबाईंना निश्चित होती. तरीही त्यांनी चौसष्ट अध्याय लिहून काव्य पुरे केले. १९३६ साली त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाईंप्रमाणे त्यांनाही आपल्या कामाचे संपूर्ण छापील रूप पाहावयास मिळाले नाही. आज 'ख्रिस्तायन' वाचणारे थोडे आहेत, आणि काव्य म्हणून त्याची पातळी सर्वत्र सारखी नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच काळातील 'स्मृतिचित्रे' हाती घेतली म्हणजे हे धाडस कोठून आले याचा उलगडा होतो. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मराठीतील अग्रगण्य ग्रंथांत गणले जाते. त्याच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो विनोद लेखिकेच्या स्वभावातच होता, हेही खरे. तथापि त्या विनोदाचा विषय काय, हे पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाई आपल्या फजितीला हसतात. स्वतःचे अज्ञान, स्वतःचे चुकलेले बेत, संसारातील नामुष्कीचे प्रसंग त्या लपवीत नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, आप्तांत झालेली मानहानी यांसारख्या प्रसंगांतही त्या आपले तोंड झाकीत नाहीत. वर म्हटल्याप्रमाणे मराठीत अपयशाचे भय हे 'तोंडा'चे भय आहे. ज्याला तोंड जपावयाचे आहे त्याला स्वतःवर असे हसता येत नाही. 'स्मृतिचित्रे'तील हसू हे म्हणूनच केवळ शैलीचा अलंकार नाही. लोकांच्या निकालापासून मन सुटल्याची ती खूण आहे. या सुटकेला त्यांनी तत्त्वज्ञानाचे रूप दिले नाही. एकेका जुन्या बंधनाची गाठ सुटत गेली, सोवळेओवळे गेले, जातीचा विटाळ गेला, आणि शेवटी १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला, एवढे त्या साधेपणाने सांगतात.

येथे एक शंका उपस्थित होण्याचा संभव आहे. फळाची आशा न धरता कर्म करावे हा विचार आपल्याकडे गीतेपासून चालत आलेला आहे; मग ख्रिस्ती श्रद्धेने निराळे ते काय सांगितले? शंका योग्य आहे, आणि टिळकांच्या मनाची जडणघडण पाहता दोन्ही प्रवाह त्यांच्यात मिसळले होते हे नाकारता येणार नाही. तरी एक भेद राहतो. गीतेचा उपदेश फळावरून दृष्टी काढण्याचा आहे. यश आणि अपयश दोन्ही सारखीच मानण्याचा आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी मात्र एक अपयशच उभे आहे. गावाबाहेर, सर्वांच्या देखत, गुन्हेगारांच्या मध्ये क्रुसावर दिलेले मरण हे त्या काळच्या डोळ्यांना 'अपयशा'चे पूर्ण रूप होते. हेतू फसला, शिष्य पांगले, नावाला काळिमा लागला. ज्याच्यावर भरवसा ठेवावयाचा तोच त्या वाटेने गेलेला असल्यामुळे भक्ताला अपयशाकडे पाठ फिरवावी लागत नाही, की त्याला यशासारखे मानावेही लागत नाही. त्यात तो एकटा नाही, एवढेच त्याला सांगितलेले असते. पेत्राचे उदाहरण याच अर्थाने बोलके आहे. तो पाण्यावर पाय टाकतो, भितो, बुडू लागतो. पुढे विस्तवाजवळ बसून गुरूला नाकारतो. आणि तरीही काम त्याच्याच हाती सोपविले जाते. शास्त्राने त्याचे अपयश पुसून टाकलेले नाही.

या विवेचनावरून आरंभी निर्देशिलेल्या दोन मतांविषयी काय म्हणता येईल? भरवसा म्हणजे पलायन, हे मत वरील तीन चरित्रांना लागू पडत नाही. भार टाकणे आणि हात झटकणे यांतील अंतर मराठी भाषिकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. टिळक, रमाबाई व लक्ष्मीबाई यांनी भार टाकला तो हात मोकळे व्हावेत म्हणून. तसेच भरवसा ठेवला की यश ठरलेलेच, हेही मत टिकत नाही. दरबार विराम पावला, भाषांतर बाजूला राहिले, काव्य थोड्यांनीच वाचले. श्रद्धेने त्यांना अपयशापासून वाचविले नाही. अपयशाच्या भयापासून वाचविले. या दोन गोष्टी एक मानल्यामुळेच आपल्याकडील चर्चेत गोंधळ झाला आहे.

ज्याची अशी श्रद्धा नाही त्याने या वाङ्मयाकडे कसे पाहावे, हा प्रश्न उरतो. समीक्षकाला श्रद्धेचा आग्रह धरता येत नाही. परंतु आपण लिहितो, शिकवितो, संशोधन करतो ते कोणाच्या डोळ्यांसमोर, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. ज्याचे उत्तर 'लोकांच्या' असे आहे, त्याचे द्रव्य बहुधा मातीतच राहते. 'ख्रिस्तायना'चे चौसष्ट अध्याय सदोष असतील. पण ते पुरले गेले नाहीत.